ऑगस्टमधील पावसाचा खंड : मराठवाडा-विदर्भातील सोयाबीन व कापूस उत्पादकांसाठी सल्ला

मॉन्सूनची आस, म्हणजे राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरणारा कमी दाबाचा पट्टा, उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसते, तेव्हा तिकडे मुसळधार आणि आपल्याकडे कोरडे, असे चित्र दिसते. ऑगस्ट 2023 मध्ये हेच झाले आणि देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट नोंदला गेला. उपसागरात नवे कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन आस पुन्हा खाली येईपर्यंत खंड सहसा मोडत नाही. त्यामुळे आभाळ भरून आले किंवा मघा लागल्या एवढ्यावर विसंबून नियोजन करू नये.

जूनअखेर पेरलेले सोयाबीन या काळात फुलोऱ्यात किंवा शेंगा भरण्याच्या अवस्थेत असते आणि पाण्याचा ताण त्याला याच वेळी सर्वांत महाग पडतो. दुपारी पाने उलटी होऊन त्यांची फिकट बाजू वर दिसू लागली, तर तो ताणाचा पहिला इशारा समजावा. तीच पाने सकाळीही टवटवीत दिसत नसतील, तर पाणी देण्यास आणखी विलंब करू नये. विहीर किंवा शेततळ्यात पाणी असल्यास, काळ्या जमिनीला भेगा पडण्यापूर्वीच तुषार संचाने एक संरक्षित पाणी द्यावे, कारण भेगाळलेल्या रानात मोकळे सोडलेले पाणी मुळांशी न थांबता खाली निघून जाते. पाण्याची सोयच नसेल, तर 13:00:45 हे विद्राव्य खत 100 ग्रॅम प्रति 10 लिटर पाणी या प्रमाणात सकाळी किंवा सायंकाळी फवारावे. या फवारणीने पीक काही दिवस तग धरते, पण ती पाण्याला पर्याय नाही, हे विक्रेता सांगो वा न सांगो, शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे.

कापूस व तुरीत हलकी कोळपणी करून भेगा बुजवाव्यात आणि उपटलेले तण ओळीतच अंथरावे. फुलावर आलेल्या सोयाबीनमध्ये मात्र कोळपे घालू नये. मुळे तुटतात आणि फुलगळ वाढते. कोरड्या जमिनीत युरिया टाकण्याची घाई करू नये, तसेच ताणावर असलेल्या तणांवर तणनाशकाचा खर्चही करू नये, कारण तो बहुधा वायाच जातो.

खंड सुरू असतानाच शेताच्या उताराकडील चर मोकळे करून ठेवावेत. अशा खंडानंतरचा पाऊस अनेकदा एकदम जोराचा येतो आणि ताण सोसलेल्या कपाशीच्या मुळांशी पाणी साचले, की हिरवीगार, बोंडांनी लगडलेली झाडे एक-दोन दिवसांत अचानक माना टाकतात. यालाच आकस्मिक मर म्हणतात. तशी झाडे दिसताच साचलेले पाणी काढून द्यावे. 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी सुमारे 150 मिली द्रावण ओतावे आणि लगेच बुंध्याजवळची माती पायाने दाबून घ्यावी. हे काम पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकावे. पाने पूर्ण वाळलेल्या झाडांवर मजुरी खर्च करण्यात अर्थ नाही.