मुका माज असलेल्या म्हशीत वेळ ठरवून कृत्रिम रेतन

म्हशीचा माज सहसा मुकाच. ती गायीसारखी दुसरीवर चढत नाही, बळसही (माजात योनीतून येणारा चिकट स्रावही) फारसा लोंबत नाही. पहाटे बसलेली म्हैस उठल्यावर जमिनीवर पारदर्शक चिकट डाग दिसला, तर तोच पुरावा. म्हणून माजाची वाट न पाहता बीजांड सुटण्याची वेळच इंजेक्शनांनी ठरवतात. हे काम पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे.

म्हशीला व्यायल्यापासून निदान 60 दिवस झालेले हवेत, गर्भाशय स्वच्छ हवे आणि हाडे वर आलेली नकोत. ती गाभण नाही याची आधी खात्री करा. सातव्या दिवशी द्यायच्या क्लोप्रोस्टेनॉलच्या इंजेक्शनाने गर्भ पडतो.

सोमवारी संध्याकाळी 5 वाजता ब्युसेरेलिन, म्हणजे बीजांड सोडवणारे संप्रेरक. पुढच्या सोमवारी त्याच वेळी क्लोप्रोस्टेनॉल, 500 मायक्रोग्रॅम. बुधवारी 5 वाजता पुन्हा ब्युसेरेलिन. रेतन त्यानंतर 16 ते 20 तासांनी, म्हणजे गुरुवारी सकाळी 9 ते दुपारी 1 या वेळात. माज दिसला नाही तरी रेतन करायचेच. क्लोप्रोस्टेनॉल कातडीतूनही शरीरात जाते, म्हणून हातमोजे घाला. गरोदर स्त्रिया आणि दमेकऱ्यांनी त्याला हात लावू नये.

हे वेळापत्रक फसते ते बहुतेक उन्हाळ्यात. अंडाशय थंड पडलेले असते, पीतपिंड (बीजांड सुटल्यावर अंडाशयात तयार होणारी गाठ) नसतो, मग क्लोप्रोस्टेनॉल विरघळवणार काय? अशा म्हशीत पहिल्या इंजेक्शनाबरोबर योनीत प्रोजेस्टेरॉनचे साधन बसवून सातव्या दिवशी काढतात. हाताने तपासून पीतपिंड नाही असे ठरवायची घाई मात्र नको. म्हशीचे अंडाशय लहान असते, पिंड आत रुतलेला असतो आणि बोटांना हुकतो. सोनोग्राफी बरी.

आता काडी, म्हणजे गोठवलेले रेत भरलेली बारीक नळी. नायट्रोजनच्या कंटेनरमधून कॅनिस्टर (काड्या ठेवलेला डबा) कंटेनरच्या मानेच्या वर काढू नका, काडी चिमट्याने झटकन उचला. 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद, तेही थर्मामीटर लावून. बोटाचा अंदाज इथे चालत नाही. काडी पूर्ण कोरडी पुसा, कारण पाण्याचा थेंब आत गेला तर शुक्राणू मरतात. थंडीत गन (रेत सोडायची लांब नळी) आधी हाताने चोळून कोमट करा. कापसाच्या बुचाचे टोक गनमध्ये घालून बंद टोक सरळ काटकोनात कापा. तिरके कापले की शीथ (गनवरचे प्लास्टिकचे आवरण) घट्ट बसत नाही आणि रेत मागे गळते. पंधरा मिनिटांच्या आत रेतन उरका.

म्हशीच्या गर्भाशयाचे मुख अरुंद असते, गन ढकलू नका. गुदाशयात घातलेल्या हाताने मुखच गनवर ओढा. मुखाचे शेवटचे वलय ओलांडताच थांबा आणि दट्ट्या सावकाश, पाचेक सेकंदांत दाबा. त्याहून पुढे घुसलात तर रेत गर्भाशयाच्या एकाच शिंगात (फाट्यात) जाते, शिवाय अस्तराला जखम होते.

रेतनानंतर अठराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत पहाटे आणि रात्री लक्ष ठेवा. म्हैस उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, आणि हे सकाळी दिसले तर संध्याकाळी भरवा. उलटली नाही म्हणजे गाभणच असे नव्हे. तिसाव्या दिवसानंतर सोनोग्राफी किंवा साठाव्या दिवशी हाताने तपासणी करून घ्या.