ऐतिहासिक चित्रपटासाठी संशोधन करताना : नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या प्रसंगावरून शिकलेले काही

एका ऐतिहासिक चित्रपटासाठी संशोधन साहाय्यक म्हणून मी पहिल्यांदा रुजू झालो, तेव्हा माझ्याजवळ इतिहासाची पदव्युत्तर पदवी होती आणि मोडी अक्षर लावत लावत वाचण्याइतपत सराव होता. चित्रपटाचा विषय नारायणराव पेशव्यांचा खून हा होता. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी मला काही वेळा विचारले आहे, की असे काम नेमके कसे चालते आणि त्यासाठी काय शिकावे लागते. म्हणून त्या पहिल्या कामाचा अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या हाती आलेल्या पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात खुनाचा प्रसंग रात्रीचा होता. मशाली, पाऊस, अंधाऱ्या बोळातून धावणारा तरुण पेशवा, असे त्याचे वर्णन होते. प्रत्यक्षात ही घटना ३० ऑगस्ट १७७३ रोजी, सोमवारी, भर दुपारी घडली. तो भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा दिवस होता, म्हणजे अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवसावर आली होती आणि शनिवारवाड्यात गणपतीचा उत्सव चालू होता. हे पटकथेच्या बैठकीतच सांगायला हवे होते. पण मी नवखा होतो, दिग्दर्शकांना आवडलेल्या प्रसंगावर बोट ठेवण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि मी गप्प राहिलो. तीन आठवड्यांनी कला विभागाने रात्रीच्या प्रकाशयोजनेचा खर्च मांडला, तेव्हा मी बोललो, आणि तोवर झालेले बरेच काम वाया गेले. म्हणून नवोदितांना माझे पहिले सांगणे असे, की पटकथा हाती आल्यावर तिच्यातील प्रत्येक प्रसंगासमोर तिथी, वार, प्रहर आणि ऋतू लिहून काढावा आणि तो कागद पहिल्याच बैठकीत सर्वांना द्यावा. अठरा वर्षांच्या पेशव्याला सणाच्या दिवशी, भरल्या वाड्यात, लख्ख उजेडात मारले जाते, हे अंधारातल्या खुनापेक्षा कितीतरी अधिक भीषण आहे. दिग्दर्शकांनाही ते पटले.

तारखांचा उलगडा करता येण्यासाठी मोडीबरोबर कालगणना शिकावी लागते. पेशवाईतील पत्रांत शालिवाहन शक असतोच असे नाही. पुष्कळदा सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या दप्तरांत वापरली जाणारी आणखी एक कालगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. १७७३ च्या पावसाळ्यातील कागदावर ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असे दिसते. चार, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७४ होतात, आणि त्यांत ५९९ मिळवले की इसवी सन निघतो. हा सन मृगाच्या सुमारास बदलत असल्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदांसाठी ६०० मिळवावे लागतात, आणि नेमकी येथेच नवख्याची एका वर्षाची चूक होते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. तेथे थेट जाण्याआधी गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले निवडक कागदांचे ४५ खंड चाळावेत, म्हणजे हस्ताक्षराशी झुंजण्याआधी माणसांची नावे आणि त्यांची नाती तरी ओळखीची होतात.

वस्तूंविषयी थोडक्यात सांगतो. ड्रेपरीवाल्यांकडून, म्हणजे पोशाख आणि वस्तू भाड्याने पुरवणाऱ्यांकडून, येणाऱ्या सामानात काचेची चिमणी असलेले रॉकेलचे कंदील हमखास असतात. ते परत पाठवावेत आणि समया, दिवट्या व पलिते मागवावेत. आगपेटीही त्या काळात नव्हती. शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या असून आज तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. त्यामुळे लाकडी खांब, चौक आणि माड्या यांची मापे घेण्यासाठी आम्ही वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यात गेलो होतो.

खरी मेहनत कारस्थानाच्या मांडणीवर झाली. थोरले बंधू माधवराव पेशवे १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला वारले, नारायणरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत राहिले. सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसाफ यांच्या गारद्यांचा, म्हणजे वाड्याच्या पहाऱ्यावरील भाडोत्री शिपायांचा, पगार थकला होता, आणि ते थकलेल्या पगाराचे निमित्त करूनच वाड्यात घुसले. एकीकडे रघुनाथरावांची सत्तेची हाव आणि दुसरीकडे पैशाची निकड, अशी ही गाठ आहे. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना देहांत प्रायश्चित्त सांगितले, बारभाईंनी, म्हणजे नाना फडणीसांसह एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्यांच्याविरुद्ध फळी उभारली, आणि १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म झाल्यावर रघुनाथरावांच्या हक्काला आधारच उरला नाही. तेव्हा त्यांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. माझ्या मते या कथेतला सर्वांत मोठा विश्वासघात हाच आहे, कारण त्यात पुतण्यापाठोपाठ राज्यही पणाला लागले. चित्रपट खुनाशी संपवू नये, असा आग्रह मी त्यामुळेच धरला आणि तो मान्य झाला.

मानधनाविषयी एकच गोष्ट सांगतो: कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्याची रक्कम आणि श्रेयनामावलीतील उल्लेख या तिन्ही बाबी करारात लेखी असाव्यात. माझ्या पहिल्या करारात शेवटची बाब नव्हती, आणि पडद्यावर माझे नाव आले नाही.

आता ‘ध’ चा ‘मा’. ‘नारायणरावास धरावे’ या रघुनाथरावांच्या आज्ञेत त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘मारावे’ असा बदल केला, ही कथा इतकी रुजलेली आहे की तिचा वाक्प्रचार झाला; मात्र ज्यावर तो बदल दिसतो असा मूळ कागद अभ्यासकांपुढे नाही. मी प्रत्येक तपशिलापुढे ‘कागद’, ‘बखर’ किंवा ‘परंपरा’ अशी खूण करीत असे, आणि या प्रसंगापुढे ‘परंपरा’ लिहिले होते. पटकथेत मात्र आनंदीबाई समईच्या उजेडात लेखणीने अक्षर बदलताना दाखवल्या होत्या. एका स्त्रीच्या हातावर सगळा दोष ठेवला, की थकलेला पगार, फितूर झालेले चाकर आणि दुर्लक्ष करणारे कारभारी हे सगळे दृष्टीआड होतात, असे मी लेखी टिपणात मांडले. प्रेक्षक ही कथा पाहायलाच येतील, असे निर्मात्यांचे म्हणणे होते आणि तेही खोटे नव्हते. दोन बैठकांनंतर लेखकांनी तो प्रसंग काढून दुसरा लिहिला: खुनानंतर काही दिवसांनी बुधवार पेठेत दुकानाच्या फळीवर बसलेला एक म्हातारा कारकून जमलेल्या माणसांना जमिनीवरच्या धुळीत बोटाने ‘ध’ काढून दाखवतो, मग तो पुसून ‘मा’ काढतो, आणि ऐकणारे ती हकीकत पुढच्या आळीत घेऊन जातात.