उंच शिखरासाठी छोटा गट कसा निवडावा आणि त्यात कसं चढावं

सहा हजार मीटरच्या शिखरासाठी गट शोधताना बहुतेक जण आधी खर्च बघतात, मग तारखा. त्याआधी आयोजकाला एक प्रश्न विचारा: शिखराच्या दिवशी एकाला मधूनच परत फिरावं लागलं, तर त्याला खाली कोण नेणार आणि बाकीच्यांचं काय? आठ जणांमागे एकच गाइड असेल तर एकतर सगळे परत फिरतात, नाहीतर आजारी माणसाला वाटेत बसवून बाकीचे वर जातात. हा दुसरा प्रकार जीवघेणा आहे. सहा सदस्यांमागे दोन गाइड आणि एक सहायक असेल, तर एक जण आजाऱ्याला घेऊन उतरतो आणि उरलेल्यांची चढाई चालू राहते.

सोप्या हिमनदीवर एका गाइडमागे तीन-चार जण ठीक. अरुंद धार किंवा उभा बर्फ असेल तर दोन, कधी एकच. जाहिरातीतल्या आकड्यात स्वयंपाकी आणि पोर्टरही धरलेले असू शकतात, म्हणून शिखराच्या दिवशी दोरावर किती गाइड आणि किती सदस्य, हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर दुसरा गट बघा.

मुख्य गाइड त्याच शिखरावर, त्याच वाटेने चढलेला आहे का? त्याच्याकडे आयएफएमजीएचा (पर्वतीय गाइडांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) बिल्ला असेल तर उत्तमच. खडक, बर्फ आणि स्की अशा तिन्हींच्या परीक्षा दिल्याशिवाय तो मिळत नाही. औषधपेटीत ऑक्सिजन, डेक्सामेथासोन (मेंदूच्या सुजेवर) आणि निफेडिपिन (फुप्फुसातल्या पाण्यावर) आहे का, ते कधी द्यायचं हे कोणाला येतं, सॅटेलाइट फोन आहे का, हेही विचारा. नुसत्या पल्स ऑक्सिमीटरवर भागत नाही. परत फिरायची वेळ ठरलेली असावी आणि शब्द गाइडचाच शेवटचा असावा. 10 मे 1996 ला एव्हरेस्टवर दुपार टळून गेली तरी काही जण चढतच राहिले. त्या वादळात नेपाळ आणि तिबेट अशा दोन्ही बाजूंचे मिळून आठ गिर्यारोहक दगावले.

आता कार्यक्रमपत्रिका. त्यातली वर्णनं सोडा, प्रत्येक रात्र किती उंचीवर झोपायची आहे तेवढे आकडे एकाखाली एक लिहून काढा. 3000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा आणखी वर जाऊन खाली येऊन झोपायला हरकत नाही. 5500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवसच लागतात, जिद्द उपयोगी पडत नाही. शिवाय हवामानासाठी दोन राखीव दिवस हवेत. स्वस्त मोहिमेत बहुधा हेच दिवस कापलेले असतात.

अर्जात अनुभव फुगवून लिहू नका, कारण कोणाला कोणाबरोबर दोराला बांधायचं हे गाइड त्यावरूनच ठरवतो. तयारीला पाच-सहा महिने धरा. आठवड्यातले चार-पाच दिवस बोलता येईल इतक्याच वेगाने व्यायाम आणि एकदा 15 किलोची सॅक घेऊन हजार मीटर चढ. वजन म्हणून पाण्याचे कॅन घ्या आणि गुडघे दुखत असतील तर माथ्यावर पाणी ओतून द्या. एरवी वजनासकट उतरा, कारण मांड्या जातात त्या उतरतानाच.

डॉक्टरांना आधीच भेटा. विरळ हवेचा त्रास टाळायला ॲसिटाझोलामाइड 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. म्हणून गोळी एकदा घरी घेऊन बघा. विम्यात उंचीची मर्यादा आणि दोर लावून केलेल्या चढाईचं कलम वाचा, बरेच विमे नेमके तिथेच हात वर करतात.

सामानात सगळ्यात जास्त घोळ क्रॅम्पॉनचा, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली लावायच्या दातेरी सांगाड्याचा होतो. जे बूट नेणार, त्याच बुटांवर ते घरी बसवा. पट्टा न बांधता बूट उचलून हलवला तरी क्रॅम्पॉन निसटता कामा नये. बक्कल पावलाच्या बाहेरच्या बाजूला हवं, आणि पट्ट्याचं लोंबणारं टोक कापून टाका, नाहीतर दुसऱ्या पायाचा दात त्यात अडकून माणूस तोंडावर आपटतो. हे सगळं जाड हातमोजे घालून, अंधारात जमायला हवं. हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) सगळे कपडे चढवून त्यावर बसतो का ते बघा. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. नळीतून पाणी प्यायची पिशवी शिखराच्या दिवशी नकोच, नळी गोठते.

डोंगरावर रोज सकाळी गाइडला खरं सांगा. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, थकवा किंवा चक्कर आहे, तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो विरळ हवेचाच त्रास समजायचा आणि वर जायचं नाही. टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर मेंदूला सूज आली आहे. स्वस्थ बसूनही धाप आणि खोकला म्हणजे फुप्फुसात पाणी. दोन्हींत लगेच खाली न्यायचं. रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. डोकेदुखीची गोळी गुपचूप घेणारा सगळ्यांनाच गोत्यात आणतो: त्याचं बिंग फुटतं ते सर्वांत वरच्या कॅम्पवर. परत फिरायचं मनात आलं तर थांब्यावरच बोला, धारेच्या मधोमध दोर बदलायला जागा नसते.

हिमनदीवर दोन माणसांत साधारण 8 ते 12 मीटर अंतर असतं. दोराचं वेटोळं हातात धरू नका आणि त्याला ढील देऊ नका. पुढचा भेगेत गेला तर ढिला दोर झटक्याने ताणला जातो आणि मागच्यालाही ओढून नेतो. पाणी प्यायला थांबतानाही अंतर तसंच ठेवा. सगळे एका जागी गोळा झाले की भेगेवरच्या एकाच हिमपुलावर (भेग झाकणाऱ्या बर्फाच्या थरावर) सगळ्यांचा भार येतो. उतरताना ऊन चढल्यावर बर्फ ओला होऊन क्रॅम्पॉनखाली गोळे धरतो आणि दात टेकतच नाहीत. दर काही पावलांनी आइस ॲक्सच्या (बर्फाच्या कुऱ्हाडीच्या) दांड्याने बुटाच्या कडेवर ठोकून ते पाडत चला.