मेंदूच्या एमआरआय रिपोर्टमधलं 'एन्हान्समेंट' वाचायचं कसं

रात्री दहाला वहिनी आली, हातात भाच्याच्या एमआरआयचं ते मोठं पाकीट, दारातच म्हणाली, वन्सं, यात रिंग लिहिलंय हो, रिंग म्हणजे गाठच ना? पोरगा सतरा वर्षांचा, शाळेत फिट आली होती, दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला आणि रिपोर्ट संध्याकाळी हातात पडला तो डॉक्टरांची वेळ संपल्यावर. घरात कोणीतरी मोबाइलवर शोधलं आणि कॅन्सर शब्द दिसला, मग काय, रात्रभर कोणी झोपलं नाही. मी इंदूरला सव्वीस वर्षं बायोलॉजी शिकवलं, डॉक्टर नाहीये, पण मेंदूत रक्तवाहिन्या कशा वाढतात हे मला माहीत होतं आणि त्या रात्री तेवढंच कामी आलं. म्हणून लिहितेय, म्हणजे अशी रात्र तुमच्यावर आली तर रिपोर्ट निदान कुठून वाचायला घ्यायचा ते कळेल.

सगळ्यात आधी रिपोर्टच्या वर बघा, स्कॅन प्लेन आहे की कॉन्ट्रास्ट. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन काढलेला. एन्हान्समेंट हा शब्द कॉन्ट्रास्टमध्येच येतो. मग फिल्म खिडकीच्या उजेडात धरा आणि एक गोष्ट पक्की करा, पांढरं दोन प्रकारचं असतं. टी-२ किंवा फ्लेअर लिहिलेल्या चित्रातलं पांढरं बहुतेक वेळा पाणी नाहीतर सूज असते. टी-१ पोस्ट कॉन्ट्रास्ट लिहिलेल्या चित्रात जे पांढरं झालंय ते एन्हान्समेंट, पण तेही इंजेक्शनच्या आधीचं त्याच पातळीवरचं टी-१ चित्र शेजारी ठेवून बघायचं, आधी काळं-करडं होतं आणि नंतर पांढरं झालं तरच. वहिनीने फ्लेअरमधला सुजेचा पांढरा ढग बघूनच धसका घेतला होता, खरी रिंग त्याच्या मधोमध होती, ११ मिमीची, साधारण काबुली चण्याएवढी.

आता ते पांढरं का होतं, इथे जरा थांबून समजून घ्या कारण सगळी किल्ली इथेच आहे. पोटातल्या बाळाचा मेंदू म्हणजे सुरुवातीला नुसती नळी, ती चौथ्या आठवड्याच्या शेवटी बंद होते, आणि तेव्हा तिच्या आत एकही रक्तवाहिनी नसते. रक्तवाहिन्यांचं जाळं बाहेरून तिला वेढून असतं. नळीची भिंत जाड व्हायला लागली की आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, मग त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. आपल्याकडे नव्या कॉलनीत माणसं आधी राहायला येतात आणि नर्मदेच्या पाण्याची लाइन मग येते ना, तसंच, तहानलेले लोक ओरडतात आणि पाइप त्यांच्याकडे सरकतो. जवळच्या रक्तवाहिनीतली एक पेशी पुढे होते, तिला बोटांसारखे बारीक धागे फुटतात, त्यांनी ती चाचपत चाचपत व्हीईजीएफ जिकडे जास्त तिकडे जाते. तिला टिप सेल म्हणतात. आणि सुंदर गोष्ट ही की ती शेजारच्या पेशींना नॉच नावाच्या निरोपातून सांगते, तुम्ही पुढे येऊ नका, मागे राहून नळी बांधा. सगळ्याच पुढे धावल्या तर नळी होणारच नाही. दोन टोकं एकमेकांना भेटली की त्यातून रक्त वाहायला लागतं.

पण मेंदूत एवढ्यावर भागत नाही. मेंदूच्या पेशी डब्ल्यूएनटी-७ नावाचा आणखी एक निरोप पाठवतात, त्याशिवाय रक्तवाहिन्या आत नीट शिरत नाहीत आणि शिरल्या तरी त्यांना मेंदूचं ते खास अस्तर मिळत नाही. त्या अस्तरात पेशी-पेशीमधले सांधे क्लॉडिन-५ ने घट्ट शिवलेले असतात, बाहेरून पेरिसाइट पेशी मिठी मारून बसतात, त्यावर अॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशींचे पाय. हाच ब्लड-ब्रेन बॅरियर, रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध. १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तर सगळं अंग रंगलं, मेंदू तेवढा कोरा राहिला. आज गॅडोलिनियम तेच करतं. मेंदू निरोगी असेल तर ते वाहिनीच्या आतच राहून निघून जातं, बाहेर झिरपत नाही म्हणून पेशीजाल पांढरं होत नाही. पिट्युटरी आणि पिनियल या ग्रंथी आणि मेंदूतलं पाणी बनवणारं कोरॉइड प्लेक्सस या जागांवर हे अस्तर मुळातच सैल असतं, तिथे एन्हान्समेंट लिहिलं असेल आणि पुढे नॉर्मल म्हटलं असेल तर ती ओळ सोडून पुढे चला.

मेंदूच्या पेशीजालात बाकी कुठे पांढरं झालं तर बहुतेक वेळा अर्थ एकच, तिथे गळती आहे. गळतीचं कारण त्या पांढऱ्यात लिहिलेलं नसतं. घाईत घातलेल्या नव्या लाइनचे सांधे गळतात, आणि जुनी चांगली लाइनही कोणी शेजारी खोदलं तर गळते, तसंच हे आहे. ट्यूमर वाढताना आतून ऑक्सिजनला तरसतो आणि बाळाच्या मेंदूने दिली तीच हाक देतो, व्हीईजीएफची, फक्त इथे थांबा म्हणणारं कोणी नसतं, म्हणून वाहिन्या वेड्यावाकड्या, सैल, गळक्या होतात. या व्हीईजीएफचं १९८३ मधलं पहिलं नावच मुळी गळती वाढवणारा घटक अशा अर्थाचं होतं, वाढीचं नाव १९८९ मध्ये मिळालं. पण दुसरीकडे जंतुसंसर्ग, टीबी, पॅरालिसिसचा झटका येऊन आठवडा झालेला असणं, या सगळ्यातही सांधे सैल होतात आणि तितकंच पांढरं दिसतं. झटक्यानंतर तर जखमेच्या कडेला नव्या वाहिन्या फुटतात, ते शरीराचं दुरुस्तीचं काम असतं.

म्हणून रिंग वाचलं की लगेच ट्यूमर धरू नका, आपल्या देशात तर अजिबातच नको. कडेला गळकी भिंत आणि मधे रक्तच पोचत नाही अशी जागा असली की रिंग दिसते, मग आत मेलेला ट्यूमर असो, टीबीची गाठ असो की जंताची. तरुण पोराला पहिल्यांदा फिट आली आणि एकच छोटी रिंग निघाली तर न्यूरोसिस्टिसरकोसिस, म्हणजे फीतकृमीच्या अळीची गाठ, हे खूप वेळा निघतं. आणि आम्ही तर शाकाहारी असं म्हणून सुटका होत नाही, कारण त्याची अंडी न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातातून पोटात जातात. २० मिमीच्या आत असेल आणि सुजेने मेंदूचा मध्य एका बाजूला सरकला नसेल तर डॉक्टर जंताकडे झुकतात, मोठी आणि वेडीवाकडी असेल तर टीबीचाही विचार करतात. हा अंदाज झाला, निदान त्यांनीच करायचं, रक्त तपासून, छातीचा एक्स-रे बघून, कधी कधी औषध देऊन काही महिन्यांनी परत स्कॅन करून.

रिपोर्टमध्ये परफ्युजन किंवा आरसीबीव्ही दिसलं तर ते मात्र नीट वाचा. कॉन्ट्रास्ट सांगतो गळती किती, परफ्युजन सांगतं तिथे रक्त किती म्हणजे वाहिन्यांची गर्दी किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोरात वाढणाऱ्या ग्लायोमात, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींच्या ट्यूमरमध्ये, गर्दी जास्त असते, आरसीबीव्ही म्हणजे तिथल्या रक्ताच्या प्रमाणाचा आकडा वाढलेला लिहितात. पांढरं खूप पण आरसीबीव्ही कमी, तर संसर्ग किंवा रेडिएशननंतरचा बदल याकडे लक्ष जातं. आकडा एकटा घेऊन निष्कर्ष काढू नका, पण तो मोजलाय का हे विचारा जरूर.

फ्लो व्हॉइड म्हणजे जोरात वाहणाऱ्या रक्ताच्या काळ्या रेषा, खूप असल्या तर एव्हीएम, म्हणजे वाहिन्यांचा असा गुंता जिथे धमनी मधल्या केशवाहिन्या सोडून सरळ शिरेला जुळलेली असते. पॉपकॉर्नसारखं दिसणारं कॅव्हर्नोमा, म्हणजे फुगलेल्या बारीक वाहिन्यांचा घोस, ते वेगळं. मोयामोया या आजाराचं नाव जपानी, धूर असा अर्थ, मोठी धमनी अरुंद होत जाते म्हणून तळाशी बारीक वाहिन्यांचा धुरासारखा गुंता वाढतो. यातलं काहीही लिहिलं असेल तर न्यूरोसर्जनकडे जायचंच आहे, घरी चर्चा करून काही हाती लागत नाही.

घरात कोणाला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे ग्लायोमाचा सगळ्यात जोरात वाढणारा प्रकार, असेल त्यांच्यासाठी हे खास. बेव्हासिझुमॅब नावाचं औषध व्हीईजीएफला पकडून ठेवतं, आणि एक-दोन दिवसांत स्कॅनमधलं पांढरं कमी होऊ शकतं. घरचे आनंदाने रडतात, मी पाहिलंय. पण बऱ्याचदा ती गळती थांबलेली असते, ट्यूमर तेवढाच कमी झाला असं नाही. २०१४ मध्ये या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, आजार पुढे सरकायला काही महिने उशीर झाला पण आयुष्य वाढलं नाही. सूज कमी होते, स्टेरॉइड कमी लागतं, माणसाला बरं वाटतं, तेही काही कमी नाही. फक्त अशा वेळी पोस्ट कॉन्ट्रास्टसोबत फ्लेअर काय म्हणतं तेही डॉक्टरांना विचारा. उलटंही होतं, रेडिएशननंतर पहिल्या तीन महिन्यांत पांढरं वाढलं म्हणजे आजार वाढलाच असं नसतं.

डॉक्टरांकडे जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या, तिथे गेलं की डोकं बंद होतं. हे पांढरं नवी वाहिनी वाढल्याचं असेल की सूज-संसर्गाचं? परफ्युजन किंवा स्पेक्ट्रोस्कोपीने (गाठीतली रसायनं मोजणारा स्कॅन) फरक कळेल का? टीबी आणि जंत तपासले का? परत स्कॅन कधी? इंजेक्शन द्यायच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, झालीय ना, आणि बाईमाणूस असेल तर दिवस गेले असण्याची शक्यता आधीच सांगा. आणि फिट थांबतच नसेल, उलट्यांसोबत गुंगी येत असेल, हात-पाय लुळा पडत असेल तर रिपोर्ट वाचत बसू नका, रात्र असो की पहाट, मोठ्या दवाखान्यात न्या.

भाच्याची रिंग जंताचीच निघाली, त्याला फिटच्या गोळ्या, जंतावरचं अल्बेंडाझोल आणि थोडे दिवस स्टेरॉइड दिलं. सहा महिन्यांनी दुसरा स्कॅन झाला तेव्हा वहिनीने यावेळी आधी जुनी फिल्म काढली, नवी तिच्या शेजारी खिडकीला धरली आणि मला म्हणाली, वन्सं, बघा, इथे आता फक्त ठिपका उरलाय. पहिली सीडी तिने पदराखाली घेऊन नेली होती, तुम्हीही न्या, कारण जुनं समोर असल्याशिवाय रेडिओलॉजिस्टला वाढलं की कमी झालं ते सांगता येत नाही.