स्केचबुक कसे ठेवावे

घरातली विळी डोळ्यांसमोर आणा आणि तिच्याकडे न बघता ती कागदावर काढा. लाकडी पाट, त्यावर उभे असलेले वळणदार पाते आणि टोकाला नारळ खवण्याची दातेरी चकती, इतके बहुतेकांना जमते. मग प्रत्यक्ष विळी समोर ठेवून शेजारच्या पानावर तीच पुन्हा काढायला घ्या, म्हणजे प्रश्न सुरू होतात. पात्याची धार बसणाऱ्याकडे असते की पलीकडे? पाते पाटात नेमके कुठे आणि कशाने बसवले आहे? मिटणारी विळी असेल तर ती कोणत्या खिळ्याभोवती फिरते आणि मिटल्यावर धार कुठे जाते? रोज वापरातल्या वस्तूकडे आपण किती वरवर बघत आलो, हे या दोन चित्रांतल्या फरकावरून कळते. स्केचबुक ठेवायचे ते हा फरक दिसावा म्हणून. हात वळणदार होतो, चित्रे सुधारतात, हे खरेच आहे. पण चित्रकार होण्याची इच्छा नसलेल्या माणसालाही मी ही वही आग्रहाने सुचवतो, कारण तिच्यामुळे डोळ्यांनी विचार करण्याची सवय लागते.

महाराष्ट्रात शिकलेल्या अनेकांचा चित्रकलेशी संबंध शासकीय रेखाकला परीक्षांपुरता येतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांतली वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र ही नावे अजून लक्षात असतील. परीक्षेत हे वेगवेगळे विषय होते आणि प्रत्येक चित्र ठरलेल्या वेळेत नीटनेटके पुरे करावे लागे. स्केचबुकात तेच तिन्ही एकमेकांत मिसळायचे आहेत आणि चित्र पुरे करण्याचे बंधन अजिबात नाही. अर्धवट सोडलेले पान हे इथे चांगल्या कामाचे लक्षण आहे, असे मी मानतो.

वही निवडताना फार विचार करू नये. १४८ × २१० मिलिमीटरची, म्हणजे ए-५ आकाराची वही पिशवीत मावते आणि उभ्या उभ्या एका हातावर धरता येते. पेन्सिल आणि बॉलपेनसाठी १०० ते १२० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन भरणारा) कागद पुरतो. जलरंग वापरायचे असतील तर २०० जीएसएमच्या पुढचा घ्यावा, नाहीतर पान लगेच फुगते. महागडी, कापडी बांधणीची वही सुरुवातीला टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती खराब होईल या भीतीने माणूस तिच्यात काही काढतच नाही. शाळेची कोरी वहीसुद्धा चालते. पेन्सिल २बी किंवा ४बी घ्यावी. ६बी मऊ असल्याने समोरासमोरची पाने एकमेकांवर घासून काळी होतात. पहिल्या पानाची धास्ती सर्वांनाच वाटते, म्हणून त्या पानावर पेन चालवून बघावे, रेघोट्या ओढाव्यात, तारीख घालावी आणि पान उलटावे.

खोडरबर मात्र घरी ठेवावा. लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) यांनी आपल्या टिपणांत चित्रकारांना सांगितले आहे की, सोबत कायम एक लहान वही बाळगावी, माणसे बोलताना, भांडताना, हसताना दिसली की त्यांच्या ढबी चार रेषांत टिपाव्यात, आणि वहीचा कागद रंग चढवलेला असावा, म्हणजे काढलेले पुसता येणार नाही. वही भरली की ती जपून ठेवून दुसरी घ्यावी, असेही ते सांगतात. चुकलेली रेषा पुसली की आपण नेमके कुठे चुकलो हेही पुसले जाते. तीच रेषा तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी, सुधारलेली रेषा ओढली, तर दोन रेषांमधले अंतर आपल्या नजरेचा कल दाखवते. काहींची चित्रे नेहमी उंच होतात, काहींची नेहमी डावीकडे झुकतात, आणि हे पंधरा-वीस पानांनंतर स्वतःलाच दिसू लागते.

आता प्रत्यक्ष बघण्याविषयी. पहिला सराव सर्वांत अवघड वाटतो, पण सर्वांत जास्त शिकवतो: कागदाकडे न बघता काढणे. विळीच्या पात्याच्या टोकावर नजर ठेवा, पेनही कागदावर टेकवा, आणि नजर जशी कडेकडेने मुंगीच्या गतीने सरकेल तसेच पेन सरकू द्या. पाच मिनिटांनी कागदावर जे दिसेल ते विळीसारखे नसेल, पण त्या रेषेत कडेचे बारीक खाच-खळगे आलेले असतील, जे एरवी तुम्ही एका गुळगुळीत वळणात उरकले असते. दुसरा सराव मोकळ्या जागेचा. पाते आणि पाट यांच्यामध्ये जी रिकामी जागा उरते, तिचाच आकार काढा, वस्तू काढू नका. ‘पाते’ म्हटले की मनात पात्याचे एक ठरीव चित्र उभे राहते आणि हात डोळ्यांचे न ऐकता ते उतरवतो. मधल्या रिकाम्या जागेला नावच नसल्यामुळे डोळ्यांना ती खरोखर बघावी लागते. आश्चर्य असे की मोकळी जागा बरोबर आली की वस्तूही आपोआप बरोबर येते. मापासाठी हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने उंची मोजण्याची जुनी रीत पुरेशी आहे.

माणसे काढायला एसटी स्टँड किंवा लोकलचा फलाट यांसारखी जागा नाही, कारण तिथे प्रत्येकजण कशाची तरी वाट बघत असतो आणि वाट बघणारे शरीर बोलके असते. चेहऱ्यापासून सुरुवात करू नये. आधी डोक्यापासून पायापर्यंत जाणारा शरीराचा कल एका रेषेत घ्यावा, मग खांद्यांची तिरकी रेषा, मग वजन कोणत्या पायावर आहे ते पाहावे. पिशवी धरलेल्या बाजूचा खांदा खाली येतो आणि कंबर दुसऱ्या बाजूला सरकते, हे एकदा काढून बघितले की पुढे कधी विसरत नाही. माणूस उठून गेला तर चित्र तिथेच सोडून पुढचा धरावा. कोणाला संकोच वाटतो आहे असे दिसले तर लगेच थांबावे. विचारले तर वही मोकळेपणाने दाखवावी.

चित्राशेजारी शब्द लिहायला बिचकू नये. चार्ल्स डार्विन यांच्या १८३७ च्या एका टिपणवहीत फांद्या फुटणाऱ्या झाडासारखी एक साधी रेखाकृती आहे, आणि तिच्या वर ‘मला वाटते’ अशा अर्थाचे दोनच इंग्रजी शब्द आहेत. सजीवांच्या नात्यांची कल्पना तिथे वाक्याआधी रेषेत उतरली आहे, आणि ती रेखाकृती चित्र म्हणून अगदी ओबडधोबड आहे. स्केचबुकातल्या पानाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. रंग जवळ नसतील तर रंगाचे नाव लिहावे, आणि या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे: आमसुली, अबोली, डाळिंबी, गुलबक्षी, मोरपंखी, श्रीखंडी, चिंतामणी. साडीच्या दुकानात सहज वापरले जाणारे हे शब्द वहीत आले की, संध्याकाळच्या ढगाला ‘गुलाबी’ म्हणून मोकळे होता येत नाही. अबोली की गुलबक्षी हे ठरवावे लागते, आणि ठरवण्यासाठी पुन्हा वर बघावे लागते.

कल्पना वाढवण्याचे काम बघण्याच्या पुढचे आहे. त्यासाठी भेंडी घ्या. भेंडीचे ठसे बहुतेकांनी लहानपणी उठवलेले असतात, पण तिचा आडवा छेद शांतपणे काढलेला नसतो. पाच कोन, पाच कप्पे, प्रत्येक कप्प्यात बी आणि मध्यभागी सगळे एकत्र बांधणारा गाभा, हे आधी मोठे आणि नीट काढा. मग पुढच्या पानावर तीन-तीन सेंटिमीटरचे बारा चौकोन आखा आणि प्रत्येकात त्याच रचनेचे वेगळे काही करा. एखाद्यात कोन गोल करा, एखाद्यात बिया काढून टाका, दोन छेद कडेला कड लावून जाळी विणा, गाभा मोठा करून छत्री करा, वरून दिसणारा घुमट करा, खोल्यांचा नकाशा करा. पहिले तीन-चार चौकोन फूल, चांदणी, रांगोळी अशा ओळखीच्या गोष्टींनी भरतात. मग हात थांबतो, आता काही सुचणार नाही असे वाटते, आणि नेमके तिथेच उठायचे नसते. माझा अनुभव असा की सातव्या-आठव्या चौकोनात काहीतरी स्वतःचे येते, कारण तोवर साठवणीतले संपलेले असते. म्हणूनच बाराचा आकडा आधीच आखून ठेवावा. लेखकाला प्रसंगांची मांडणी करताना, शिक्षकाला फळ्यावरची आकृती ठरवताना, सुताराला कपाटाचे कप्पे पाडताना हीच रीत तितकीच उपयोगी पडते.

रोज पंधरा मिनिटे पुरेत. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा ती अधिक फळतात. पानावर तारीख आणि ठिकाण लिहावे, पानांना क्रमांक द्यावेत आणि शेवटची दोन पाने सूचीसाठी राखावीत. महिन्याच्या अखेरीस वही सावकाश चाळावी आणि जे आकार पुन्हा पुन्हा आलेले दिसतील त्यांवर लाल खूण करावी, कारण आपले लक्ष स्वभावतः कुठे जाते ते त्या खुणांवरून कळते. वही सर्वांना दाखवण्याची घाई करू नये. बघणारे डोळे आठवले की हात सावध होतो आणि जे जमते तेच काढू लागतो.

एक सूचना स्वतःच्या नुकसानीतून देतो. पाण्यात विरघळणाऱ्या शाईने भरलेली माझी एक जवळजवळ पूर्ण वही एका जुलैत पिशवीतच भिजली आणि चार महिन्यांच्या पानांवर निळे डाग तेवढे उरले. तेव्हापासून मी पाण्याने न पसरणारी शाईच वापरतो आणि जून ते सप्टेंबर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो. भरलेल्या वहीच्या पाठीवर पहिल्या आणि शेवटच्या पानाची तारीख लिहावी, भिंतीला न टेकणाऱ्या कोरड्या फळीवर ती उभी ठेवावी, आणि कसर लागू नये म्हणून पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून, पाने एकमेकांपासून मोकळी पसरून, सावलीत वारा द्यावा.