इंदूरमधून आरोग्यक्षेत्रातील पदवीला प्रवेश : सुरुवात नोंदणीपासून करा

बारावीचे वर्ष सुरू झाले की इंदूरच्या मराठी घरांमध्ये, मग ते रामबागेतले असो की लोकमान्य नगरातले, एकच प्रश्न फिरू लागतो : नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेला, किती गुण मिळतील? माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ही पदवी हातात आल्यावर रुग्णाला हात लावण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला कोण देणार आहे? बी.ए. किंवा बी.कॉम. झालेल्या माणसाला कामाला लागण्यासाठी कुठल्या परिषदेच्या नोंदवहीत नाव घालावे लागत नाही. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता यांना मात्र ते घालावेच लागते, आणि ज्या संस्थेला संबंधित परिषदेची मान्यता नाही तिथली पदवी नोंदणीच्या वेळी कागदाच्या मोलाचीही ठरत नाही. म्हणून निवड करताना शेवटाकडून सुरुवातीकडे यावे.

एम.बी.बी.एस. हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते, आणि तो राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अखत्यारीत येतो. आयुर्वेदाची बी.ए.एम.एस. आणि होमिओपॅथीची बी.एच.एम.एस. यांचाही कालावधी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचाच आहे, परंतु त्यांचे आयोग वेगळे आहेत. बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षे लागतात. त्याचे मापदंड भारतीय परिचर्या परिषद ठरवते आणि नोंदणी भोपाळच्या राज्य नर्सिंग कौन्सिलमध्ये होते. बी.फार्म. चार वर्षांचे, डी.फार्म. दोन वर्षांचे, दोन्हींवर भारतीय औषधनिर्माण परिषदेचे नियंत्रण आहे. श्रवण व वाचा विकारांच्या पदवीसाठी भारतीय पुनर्वास परिषद आहे, तर फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री, प्रयोगशाळा तंत्रज्ञान अशा शाखांसाठी २०२१च्या कायद्याने स्वतंत्र राष्ट्रीय आयोग नेमण्यात आला. ज्या महाविद्यालयाचा विचार चालू असेल, त्याचे नाव संबंधित परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः शोधावे, आणि मान्यता कोणत्या वर्षासाठी व किती जागांसाठी आहे तेही वाचावे. नर्सिंगच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मध्य प्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयांची सीबीआयकडून तपासणी झाली आणि अनेक ठिकाणी त्रुटी आढळल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

विषयांची निवड अकरावीतच पक्की होते. एम.बी.बी.एस., दंतवैद्यकाची बी.डी.एस. किंवा आयुषच्या (आयुर्वेद, होमिओपॅथी इत्यादींच्या) पदवीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय हवेत. पहिल्या तीन विज्ञान विषयांत मिळून सर्वसाधारण प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. बी.एस्सी. नर्सिंगसाठी सर्वसाधारण मर्यादा ४५ टक्क्यांची आहे. बी.फार्म.ला जीवशास्त्राऐवजी गणित असले तरी चालते. गणित घेतलेल्या एखाद्या मुलाचे मन बारावीनंतर वैद्यकाकडे वळले, तर त्याने निराश होऊ नये : जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून नंतर उत्तीर्ण केले तरी नीटला बसता येते, असे वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

नीटचे ७२० गुण असतात आणि त्यांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ कापला जातो. आपल्याकडच्या पालकांचा एक गैरसमज मी अनेकदा ऐकला आहे, तो म्हणजे मराठीतून नीट कुठल्याही केंद्रावर देता येते. मराठीतून देता येते खरी, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. इंदूरचे केंद्र निवडणाऱ्याला इंग्रजी किंवा हिंदी हाच व्यवहार्य पर्याय राहतो, आणि अर्ज भरताना निवडलेले माध्यम परीक्षेच्या दिवशी बदलता येत नाही. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ पासून एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके उपलब्ध झाली आहेत. तरीही पुढच्या अभ्यासाचा विचार करता मुलांनी संज्ञा इंग्रजीतच पक्क्या कराव्यात, असे मला वाटते.

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो. पुण्याला किंवा नागपूरला आत्या-काका आहेत, घरी मराठी बोलतो, म्हणून महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात आपला हक्क आहे असे मानले जाते. त्या कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि तिथलाच अधिवास लागतो. इंदुरात शिकलेल्या मुलाचा राज्य कोटा मध्य प्रदेशचा, म्हणजे शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागांचा. उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठे केंद्रीय काउन्सेलिंगमधून (गुणवत्तेनुसार होणाऱ्या जागावाटपातून) सर्वांना खुली असतात. महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, एम.वाय. रुग्णालय ज्याला जोडलेले आहे ते, १९४८चे असून त्याच्या जागांसाठी राज्यभरातून चुरस असते, हे लक्षात ठेवूनच पसंतीक्रम भरावा.

आता कागदपत्रांकडे येऊ, कारण खरी धावपळ तिथेच होते. माझ्या भाचीच्या दहावीच्या अंकसूचीवर तिचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही होते, आधारवर मधले नाव नव्हते, आणि समग्र आयडीत (मध्य प्रदेशच्या रहिवाशांच्या ओळख क्रमांकात) आडनाव ‘काळे’चे ‘काले’ झाले होते, कारण हिंदीतल्या टंकलेखकाला ळ परका. तीन कागद, तीन नावे. मूळ रहिवासाचा दाखला काढायला लोकसेवा केंद्रात गेलो तेव्हा अर्ज परत आला, आणि दुरुस्तीच्या फेऱ्यांत जून महिन्याचा बराच भाग गेला. म्हणून दहावीची अंकसूची प्रमाण मानून बाकीची सर्व कागदपत्रे अकरावीच्या सुट्टीतच तिच्याशी जुळवून घ्यावीत. जातीचा दाखला लागत असेल तर तो मध्य प्रदेशातीलच हवा. केंद्रीय काउन्सेलिंगसाठी इतर मागासवर्गीयांचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो, आणि महाराष्ट्रातील नातेवाइकांच्या दाखल्याच्या आधारे इथे आरक्षण मिळत नाही. सहावी ते बारावी शासकीय शाळेत शिकलेल्यांसाठी राज्यात ५ टक्के राखीव जागा आहेत. असे मूल घरात असेल तर शाळेकडून त्याचे प्रमाणपत्र आवर्जून घ्यावे.

परदेशातील एम.बी.बी.एस.चा विचार असेल, तर नीट तेव्हाही उत्तीर्ण व्हावेच लागते. तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि पुढे १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसह असावा लागतो, आणि परत आल्यावर वेगळी पात्रता परीक्षा ३०० पैकी १५० गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते. एजंट हे सगळे सांगेलच असे धरून चालू नये.

शुल्क भरण्याआधी एक सकाळ राखून ठेवा आणि मुलाला घेऊन त्या महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात अकराच्या सुमारास जा. बाह्यरुग्ण विभागात रांग आहे का, खाटांवर रुग्ण आहेत का, विद्यार्थिनी वॉर्डात शिकताना दिसतात का, हे पाहा. नर्सिंग असो की फिजिओथेरपी, हात रुग्णांवरच बसतो. जिथे खाटा रिकाम्या दिसतील, तिथे कार्यालयात न थांबता परत फिरा.