टेक्सासचा अनुभव घेऊन न्यूयॉर्क राज्यात कायोटीच्या शिकारीला जाताय? मग हे बघा
टेक्सासच्या मोकळ्या माळावर कायोटी (लांडग्या-कोल्ह्याच्या जातीतला अमेरिकन जंगली प्राणी) लांबूनच येताना दिसतो, पण न्यूयॉर्कच्या दाट जंगलात तो पार जवळ येईपर्यंत कळतच नाही, म्हणून नुसत्या लांब पल्ल्याच्या रायफलवर विसंबू नका, जवळून मारायची छऱ्यांची बंदूक, म्हणजे शॉटगन पण ठेवा. कॉल, म्हणजे कायोटीला बोलवायला सावजाचा किंवा त्याच्याच जातीचा आवाज काढणारं साधन, वाजवून पंधरा मिनिटांत उठायचं नाही, अर्धा-पाऊण तास तरी बसा. सगळ्यात महत्त्वाचा वारा! कायोटी बऱ्याचदा वळसा घालून, तुमचा वास मिळेल अशाच बाजूने येतो, तर त्या बाजूला शेताची कड नाहीतर जुना रस्ता, म्हणजे थोडं मोकळं दिसेल अशी जागा निवडा. आदल्या दिवशी पाऊलखुणा, विष्ठा बघत फिरा, रात्री ओरडणं कुठून येतं ते ऐका. आणि टेक्साससारखं इथे बारमाही चालत नाही हं, सीझन ऑक्टोबर ते मार्च, लायसन्सही न्यूयॉर्कचंच लागतं.